पाठमोरे चौघे

१२ जानेवारी

खारूताई,

अजून रागावलेली आहेस का? असलीस तर रागाव खुशाल. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसले, आणि बसल्यावर वाटलं, हेच बरं. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू मध्ये तोंड घालतेस, मग माझा आवाज चढतो, मग तू मला 'तुम्ही' म्हणायला लागतेस आणि तिथे आपलं बोलणंच खुंटतं. पत्रात निदान मला कुणी अडवणार नाही.

चित्र नेलंस ते बरोबरच केलंस. तुझ्या आईनं काढलेलं, तू नाही नेणार तर कोण? मी एवढंच म्हणाले की मी दोरे आणायला बाहेर गेलेली असताना गुपचूप काढायची काय गरज होती, सांगितलं असतंस तर मीच गुंडाळून दिलं असतं. त्यावर तू काय म्हणालीस ते मी केव्हाच विसरले. 'तुम्हाला कशाला विचारायचं, तुमचं आहे का ते?' असं काहीतरी. हे बघ, मला नीट आठवतसुद्धा नाही.

तसं ते माझं नव्हतंच म्हणा. बाबांनी मला या घरात आणलं तेव्हा ते आधीपासून हॉलमध्ये होतं. पिवळी खोली, उघडी खिडकी आणि खिडकीत निळी सुरई. तुझी आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाबा तुला म्हणाले, 'हिला आई म्हण.' तू पुढचे दोन मोठे दात ओठावर रोवून माझ्याकडे अशी बघत राहिलीस की मला हसूच फुटलं. त्याआधी शाळेचा गणवेश शिवायला माझ्याकडे यायचीस तेव्हा टेलरबाई म्हणायचीस. मीच म्हटलं, टेलरबाईच राहू दे, चांगलं आहे की. तू टेलरबाई म्हणत राहिलीस, मी खारूताई म्हणत राहिले, आणि त्या दातांचा तू इतका धसका घेतलास की पुढे दातांचीच डॉक्टर झालीस.

असो. मागच्या वर्षी बाबा गेले, आता चित्र गेलं, आणि भिंतीवर राहिला चौकोन. बाकीची भिंत इतक्या वर्षांत मळकट झालीय आणि तेवढाच तुकडा लख्ख. फिटिंगला आलेल्या बायका आरशात बघायचं सोडून तिकडेच बघतात. ती मोठ्या चष्म्याची आठवते ना, जिची कंबर दर महिन्याला वाढते आणि दोष माझ्या शिलाईला देते? ती परवा म्हणाली, 'इथलं चित्र विकलंत का हो?' माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून वाचली.

त्या जागी कॅलेंडर लावून पाहिलं. मोठ्या माणसाच्या पाठीवर लहान मुलाचा शर्ट ठेवावा तसं दिसायला लागलं. मग घड्याळ लावलं, तेही शोभेना. शेवटी ठरवलं, आपणच एक चित्र काढायचं. हसू नकोस. कॅनव्हास म्हणजे शेवटी जाड कापडच ना? आणि कापडाशी माझं कधी वाकडं नव्हतं.

वेळेवर जेवत जा. दुसऱ्यांचे दात बघण्यात स्वतःचं पोट विसरतेस.

तुझी,
टेलरबाई

२७ जानेवारी

खारूताई,

उत्तर नाही आलं. ठीक आहे, पेशंट जास्त असतील. लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगायला वेळ लागतच असेल.

मी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे गेले होते. त्यानं मोठ्या ऐटीत तयार ताणलेला कॅनव्हास काढून दाखवला. मी उलटून पाहिला तर वीण सैल, कडेला धागे निघालेले. म्हटलं, अशा कापडाची मी पिशवीसुद्धा शिवणार नाही. मग त्याच्याकडून सुटं कापड घेतलं आणि घरी आणून आधी पाण्यात भिजत घातलं. हे कळल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. 'अहो बाई, कॅनव्हास कुणी धुतं का?' मी म्हटलं, 'तुमच्यात धूत नसतील. आमच्यात कापड आटवून घेतल्याशिवाय कात्री लावत नाहीत.' त्यावर त्यानं चहा मागवला.

आता बेत असा. चित्र मी माझ्या कटिंगच्या टेबलावर, सुट्या कापडावरच काढणार. पुरं झालं की तो लाकडी चौकटीवर ताणून बसवून देणार. चौकट तीन बोटं जाड सांगितलीय, म्हणजे बाजूंवरही रंग येतो आणि वर वेगळी फ्रेम लागत नाही. हल्ली लोक तसंच लावतात म्हणे. म्हणून चारी बाजूंनी बाजूंची जाडी अधिक मागे दुमडायला कापड सोडायचं. हे मला कुणी शिकवायला नको, माया सोडण्यातच जन्म गेला माझा. कापड उलटं टाकून खडूनं झकास रेघ मारली.

मग जेसो. तुला माहीत असेल, रंगाच्या आधी लावायचा तो पांढरा लेप. दोन हात दिले आणि पॉलिशपेपर फिरवला. कापडावर पॉलिशपेपर फिरवताना माझा जीव कसा तुटत होता म्हणून सांगू! पण हाताला छान लागतंय, तू दात घासून गुळगुळीत करतेस तसं.

रंग अ‍ॅक्रिलिकचेच आणले, तुझ्या आईचे होते तेच. पाण्यात मिसळतात म्हणून मी निर्धास्त होते. निळा बाहीला लागला. म्हटलं, चहा पिऊन धुते. चहा होईतो तो वाळून खडखडीत! घासला, चोळला, नखानं खरवडला, ढिम्म हलला नाही. बाहीच गेली कामातून.

आणि त्या बाहीकडे बघता बघता मला एक गोष्ट कळली. तुझ्या आईच्या चित्रात उजवीकडे खाली, सुरईच्या जवळ, एक बारीकसं बोट उमटलेलं आहे. तुझंच असणार, एवढंसं तर आहे. दर आठवड्याला पुसताना मला ते दिसायचं, आणि मला वाटायचं, चित्र वाळत ठेवलेलं असताना तू कधीतरी येऊन हात लावलास. पण तसं होणं शक्यच नाही गं. हा रंग थांबतच नाही कुणासाठी. तिनं ब्रश उचलला आणि त्याच क्षणी तुझं बोट तिथे पडलं असलं पाहिजे. म्हणजे ती ती सुरई रंगवत होती तेव्हा तू तिच्या अगदी अंगाला लागून उभी होतीस. तुला ते आठवतं की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगून ठेवलं.

काय काढायचं ते अजून ठरलेलं नाही. झालं की दाखवीन, येशील तेव्हा. म्हणजे आलीस तर.

तुझी,
टेलरबाई

१६ फेब्रुवारी

खारूताई,

तुझं कार्ड मिळालं. काय ते पत्र! 'दोन हात पुरत नाहीत. आई तीन द्यायची. तिसरा माझ्याकडून देऊन घ्यायची.' ना कशी आहेस, ना बरी आहेस. दाताला भोक पाडून सिमेंट भरल्यासारखं लिहितेस. पण मी ते कार्ड मशीनवर, दोऱ्याच्या खुंटीला टेकवून ठेवलंय. शिवताना समोर दिसतं.

आणि तिसरा हात दिला बरं का. खरंच फरक पडतो. तुझी आई आपल्या कामात चोख होती.

काय काढायचं ते ठरलं. आधी फुलं काढून पाहिली, ती कोबीसारखी झाली. बरं, हा रंग ओला असताना वेगळा आणि वाळला की गडद. मी अगदी मापून फिकट गुलाबी करायची आणि उठून येऊन बघावं तर कुणाच्या तरी जुन्या स्वेटरचा रंग! कोबीवर पांढरा फासला. एवढं मात्र या रंगाचं बरं आहे, चुकलं की वाळू द्यायचं आणि वरून लावायचं. उसवायची भानगड नाही.

मग माणसं काढायला घेतली. तोंडं मला जमत नाहीत. नाक काढलं की ते चष्मेवालीसारखं होतं. तेव्हा सुचलं, तोंडं कशाला हवीत? उभा जन्म मी लोकांच्या मागे उभं राहून माप घेतलं. गर्दीत मी माणूस पाठीवरून ओळखते. तर पाण्याच्या काठचा कठडा, आणि त्याला टेकून पाण्याकडे बघत उभे असलेले पाठमोरे चौघे. हे असं माझं चित्र.

डावीकडे बाबा. त्यांचा उजवा खांदा उतरलेला होता, आठवतो ना? त्यांच्या प्रत्येक शर्टाला त्या बाजूला मी आतून थोडी भर घालायचे आणि ते म्हणायचे, 'तुझ्यामुळे मी सरळ माणूस दिसतो.' चित्रात भर घातली नाही. जसा होता तसा खांदा काढला, आणि काढल्यावर मला टेबलावर डोकं ठेवून रडू आलं. रंग वाळण्याच्या आत डोळे पुसले, कारण तो काही थांबणार नव्हता.

त्यांच्या शेजारी तू. तुझ्या पाठीचं माप माझ्याकडे पहिलीपासूनचं आहे. शाळेत वाकून चालायचीस, आता पेशंटवर वाकतेस, तेच ते. मी तुला सरळ उभी केलीय.

तुझ्या दुसऱ्या बाजूला तुझी आई. तुला वाटेल, हिनं तिला कुठे पाहिलंय? नाहीच पाहिलं. पण तुला सोळावं लागलं तेव्हा तिचा तो हिरवा लांब कोट तुला हवा झाला होता आणि मी तो तुझ्या अंगाला बेतून दिला होता. आख्खा उसवला होता मी तो. खांदा केवढा, पाठ केवढी, कुठल्या बाजूला वजन टाकून उभी राहायची, कुठलं कोपर जास्त टेकायची, सगळं त्या कोटाला माहीत होतं, आणि त्याच्याकडून मला कळलं. तिचा चेहरा मला फोटोतलाच माहीत, पण तिची पाठ मी हाताळलेली आहे. हिरवा रंग मात्र सात वेळा केला तेव्हा जमला. तो कोट आता तुझ्याकडे आहे, पडताळून बघ कधीतरी.

आणि अगदी उजवीकडे मी. इथे सगळं अडलं. सगळ्यांच्या पाठी मला ठाऊक, माझी मात्र मी कधी पाहिलीच नाही. टेलरचं माप कोण घेतं गं? आरशात मान वळवून पाहिलं तर मानेला लचक भरली. शेवटी अंदाजानं काढली, गळ्यात टेप आणि हातात पिशवी. जागाही फारशी उरली नव्हती, म्हणून जरा अंग चोरूनच उभी केली स्वतःला.

असे चौघे आपण कधी उभे राहिलो नाही, आणि राहणं शक्यही नव्हतं. एक गेली म्हणून तर दुसरी आली. पण कापडावर बसतात की सगळे.

आता एक विचारते, रागावू नकोस. बाबा होते तोवर तू बाबांना भेटायला यायचीस आणि मी आपली घरात असायचे. जेवायला वाढायचे, तुझ्या पॅन्टची उसवलेली शिवण मारून द्यायचे. आता ते नाहीत. तू आता कुणाला भेटायला येणार? आपल्या दोघींमध्ये जो माणूस होता तोच उठून गेला. तू म्हणालीस ना, तुमचं आहे का ते. हो, आठवतंय मला, शब्द न् शब्द आठवतोय. तेव्हापासून मी घरातल्या एकेका वस्तूकडे बघून तेच विचारते. भांडी माझी, मशीन माझं, भिंत माझी. त्या सगळ्याचं मला काही नाही. मला तुझ्यापुरतं सांग.

नको, सांगू नकोस एवढ्यात. आधी चित्र होऊ दे.

तुझी,
टेलरबाई

९ मार्च

खारूताई,

बस आधी. बसलीस? आता हस.

चित्र पुरं झालं, वार्निशही लावलं, आणि गुंडाळी काखेत मारून मोठ्या दिमाखात फ्रेमवाल्याकडे गेले. त्यानं चौकट तयार ठेवली होती. कापड उलटं टाकलं, चौकट माझ्या खडूच्या रेघेवर अचूक ठेवली, कडा दुमडून खटाखट पिना मारल्या. मी त्याला म्हणाले सुद्धा, 'बघा, एक सूतसुद्धा इकडेतिकडे नाही.' मग त्यानं चित्र सुलट केलं.

मी नव्हतेच!

बाबा होते, तू होतीस, तुझी आई होती. तिच्यापुढे कठडा संपला आणि चित्रही संपलं. मी म्हटलं, 'अहो, मी कुठे गेले?' त्यानं चित्राची उजवी कड माझ्याकडे फिरवली तर मी बाजूला! त्या तीन बोटं जाडीवर, कोपऱ्यावरून वळून, टेपबिप घेऊन उभी. पिशवी तर थेट मागे, पिनांच्या खाली.

कळलं का काय झालं ते? खूण मी मारली होती उलट्या बाजूला. आम्ही कायम तिथेच मारतो, नाहीतर खडू सुलट बाजूवर दिसतो. शिवताना कापड उलटंच समोर असतं, म्हणून रेघही समोर असते. पण चित्र काढताना मी दीड महिना सुलट बाजूकडे बघत बसले होते, आणि तीन हात जेसोखाली रेघ कुठली दिसायला! मायेसकट सगळं कापड रंगवून टाकलं मी. दुसऱ्या कुठल्या चित्रकाराच्या हातून हे झालं नसतं. इतकी वर्षं लोकांची शिवण आत घेतली, या वेळी स्वतःलाच आत घेतलं.

फ्रेमवाला बिचारा हळहळला. 'बाई, पिना काढतो, मोठी चौकट करू.' मी हसत सुटले होते. हसता हसता म्हणाले, 'राहू द्या.' घरी येऊन चित्र सोफ्यावर ठेवलं आणि समोर बसले, तेव्हा हसू गेलं. खोटं कशाला बोलू, लागलं मला. समोरून बघ तर किती पुरं दिसतं ते. आई, बाबा, मध्ये मुलगी. कुणी म्हणणार नाही की इथे आणखी कुणी असायला हवं होतं. मग वाटलं, असंच असेल. मी काढायला गेले एक, आणि कापडानं खरं काय ते सांगितलं.

म्हणून हे चित्र तुलाच पाठवतेय. समोर दिसतं ते सगळं तुझंच आहे, माझ्या भिंतीवर लावून मी काय करू? कुरिअरवाला धसमुसळा वाटला म्हणून जुन्या चादरीत चारी बाजूंनी शिवून दिलंय. घरात पुढच्या खोलीत दवाखाना काढलास तेव्हापासून तुझ्या भिंतींवर दातांच्या तक्त्यांशिवाय काही नाही, त्यांच्यापेक्षा हे बरं दिसेल. ऊन थेट पडेल तिथे लावू नकोस. सुक्या मऊ फडक्यानं पूस, ओल्यानं नको.

इथल्या भिंतीला मी रंग देऊन घेते म्हणजे चौकोनही जाईल. मागचा प्रश्न विसरून जा. म्हातारी होत चाललेय, काहीही विचारते.

तरी वाटलं तर ये. पॅन्टच्या शिवणी तर उसवतच असतील.

तुझी,
टेलरबाई

१९ मार्च

टेलरबाई,

चित्र पोचलं. एवढे टाके घालतं का कुणी? शेवटी दवाखान्यातली कात्री आणून उसवलं. बाबांचा खांदा बघितला आणि पुढच्या पेशंटला बाहेर थांबायला सांगितलं. सांगून आत आले आणि मग बराच वेळ बाहेर गेलेच नाही. आईचा कोट कपाटातून काढून चित्राला लावून बघितला. हिरवा तोच आहे.

आता मी बोलते, तू मध्ये तोंड घालू नकोस.

भिंतीला रंग देऊ नकोस. दिला असलास तर तुझी खैर नाही. आईचं चित्र मी इथे आणून उघडलं, भिंतीला धरलं आणि परत गुंडाळून ठेवलं. परकं वाटलं गं. खूप विचार केला असं का वाटतंय म्हणून. आईबरोबर ते मी थोडेच दिवस बघितलं, बाकी सगळा जन्म त्याच्याकडे बघताना मागे तुझं मशीन चालू असायचं. इथे मशीनचा आवाज नाही, म्हणून ते नुसतं खिडकी आणि सुरई दिसतं. बोटाचं मला आठवत नव्हतं. तू लिहिल्यावर चित्र पुन्हा उघडलं आणि त्या जागेवर बोट ठेवून बसले होते, आता मावत नाही. ते चित्र मी परत आणतेय, त्याच चौकोनात लावायला. तेव्हा जे बोलले ते मी बोलायला नको होतं. ते तुझं आहे. इतकी वर्षं पुसलंस की.

तुझं चित्र मात्र मी देणार नाही. तपासायच्या खोलीत, दाराशेजारच्या भिंतीवर लावलंय. आत येणारा प्रत्येक जण विचारतो, ही तिघं कोण? मी सांगते, घरचे. त्यांना तिघंच दिसतात. मी पेशंटच्या उजव्या हाताला स्टुलावर बसते. तिथून ती भिंत इतकी तिरकी पडते की आई दिसत नाही, बाबा दिसत नाहीत, मीही दिसत नाही. नुसती कड दिसते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान वर केली की तू, गळ्यात टेप घालून. दोन दिवस मी ते हलवायचा विचार करत होते. आता कुणी हलवलं तर बघ म्हणावं.

कुणाला भेटायला येणार म्हणून विचारलं होतंस आणि वर विसरून जा म्हणतेस. नाही विसरत. टेलरबाईला भेटायला येणार. रविवारी येतेय.

एक चूक मात्र झालीय चित्रात, आणि ती शिवणीची नाही. तू स्वतःला फार बारीक काढलंयस. तुझी पाठ तेवढीशी नाही, मी तिच्यामागे लपून मोठी झालेय. टेप काढून ठेव. माप मी घेणार आहे.

खार